सांभाळायला आणलेल्या मुलाचं अनुदान आणि घरातल्या मोठ्यांची पेन्शन: महाराष्ट्रात कुठे, कसं, किती

"आम्ही या पोराला सांभाळतो, तर आम्हाला सरकारची पेन्शन मिळते का?" नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचा आणि भाचरं सांभाळणाऱ्या मामा-मावश्यांचा हा पहिला प्रश्न असतो. मूल सांभाळल्याबद्दल म्हणून वेगळी पेन्शन महाराष्ट्रात नाही. पण अशा घरात पैसे येण्याच्या तीन वाटा आहेत आणि बहुतेक घरं त्यातली एकच धरतात.

पहिली वाट म्हणजे मुलाच्या नावाने दरमहा मिळणारं संगोपनाचं अनुदान. दुसरी, मुलाचे आई किंवा वडील नोकरीत असताना गेले असतील तर त्यांच्या नोकरीतून थेट मुलाला येणारी पेन्शन. तिसरी, सांभाळणाऱ्याला स्वतःच्या वयामुळे, वैधव्यामुळे किंवा अपंगत्वामुळे मिळणारी पेन्शन. तिन्हींची कार्यालयं वेगळी आहेत, आणि एका टेबलावरचा कर्मचारी दुसऱ्या टेबलाबद्दल आपणहून सांगेलच असं नाही.

आधी ठरवा: मूल नात्यातलं की परकं?

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मूल नात्यातलं असेल, म्हणजे आजी, काका, आत्या, मामा यांच्याकडे राहत असेल, तर तुमच्यासाठी दोन योजना आहेत.

एक राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. तिचं अनुदान २०२३ मध्ये १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये दरमहा झालं, तेही प्रत्येक मुलामागे, वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत. आई-वडील दोघे गेलेली मुलं यात येतातच, पण एकच पालक उरलेली, घटस्फोटामुळे किंवा पालकाने सोडून दिल्यामुळे उघड्यावर पडलेली, पालक तुरुंगात असलेली, पालकाला कुष्ठरोग, एचआयव्ही किंवा दुसरा गंभीर आजार असलेली मुलंही येतात. वडील गेले पण आई आहे, म्हणून अर्जच केला नाही, अशी घरं गावोगावी आहेत. आई असली तरी अर्ज करता येतो, हे शेजारापाजाऱ्यांनाही सांगा.

दुसरी योजना केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची, म्हणजे स्पॉन्सरशिपची. त्यात मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. इथे उत्पन्नाची मर्यादा आहे: ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपर्यंत, शहरी भागात ९६,००० रुपयांपर्यंत. रक्कम मोठी आहे, पण जिल्ह्याला मिळणाऱ्या निधीवर मंजुरीचा वेग ठरतो. एकाच मुलाला दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत. त्यामुळे अर्ज देतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षात स्पष्ट विचारा, की या मुलासाठी कोणती योजना लागू होईल आणि एकीत नाव असताना दुसरीत जायचं असेल तर काय करावं लागेल. बालसंगोपन ही महाराष्ट्राची योजना आहे, तर मिशन वात्सल्य देशभर चालतं. गोव्यात किंवा बेळगावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं.

मूल परकं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ खाली प्रतिपालकत्व नावाची व्यवस्था आहे, लोक तिला फोस्टर केअर म्हणतात. तिथे मूल आधी आणि कागद नंतर असं चालत नाही. सापडलेलं किंवा सोडून दिलेलं मूल घरी ठेवून घेणं हा गुन्हा ठरू शकतो, मनात कितीही माया असली तरी. असं मूल दिसलं तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या १०९८ वर फोन करा; मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीने लेखी आदेश देऊन मूल तुमच्याकडे सोपवलं तरच तुम्ही प्रतिपालक.

बालसंगोपनाचा अर्ज, पायरीने

पहिली पायरी मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली असेल तर काही अडचण नाही. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि बहुतेक फायली इथेच महिनोन्‌महिने अडकतात. म्हणून घरात दुःख असलं तरी कुणा एकाने ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नोंद झाली का ते पाहून यावं. दाखल्यावरचं नाव आणि मुलाच्या जन्मदाखल्यावरचं बापाचं किंवा आईचं नाव अक्षरशः जुळतं का ते तिथेच तपासा. एकीकडे 'बाळू' आणि दुसरीकडे 'बाळासाहेब' असेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज द्या. एकदा फाईल पुढे गेली की हीच चूक प्रत्येक कार्यालयात नव्याने उकरली जाते.

दुसरी पायरी आधार. मुलाचं आधार वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी बोटांच्या ठशांसह अद्ययावत करावं लागतं. हे राहिलं तर पडताळणी फसते, आणि दहावीच्या सुमारास अचानक पैसे थांबण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

तिसरी पायरी बँक. खातं मुलाच्या नावाचं आणि पालक म्हणून तुम्ही चालवणारं हवं. शक्यतो किमान शिलकीची अट नसलेलं घ्या, नाहीतर अनुदान उशिरा आलं की बँक त्यातूनच दंड कापते. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं वेगळं आणि ते सरकारी पैसे येण्यासाठी 'सीडिंग' झालेलं असणं वेगळं. एका आधारवर एकाच खात्यात सरकारी अनुदान येतं. मुलाचं शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जमा होत असतात आणि आजी इकडे पासबुक भरून घेत बसते. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंग कोणत्या बँकेत आहे ते दिसतं. ते पाहूनच अर्जावर खाते क्रमांक लिहा.

मग बाकीचे कागद: मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, तुमचं आणि मुलाचं आधार, शिधापत्रिका, रहिवासी पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, मुलाचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला एक फोटो. हा शेवटचा फोटो लोक विसरतात आणि त्यासाठी परत यावं लागतं. पालक तुरुंगात, आजारी किंवा घटस्फोटित असतील तर त्याचा पुरावा, म्हणजे कारागृहाचं पत्र, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश.

शिधापत्रिकेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मुलाचं नाव अजून आई-वडिलांच्या कार्डावर असतं आणि तो कागद जुन्या घरी कुठेतरी पडलेला असतो. तिथून नाव कमी करून तुमच्या कार्डावर चढवून घ्या. धान्याचा प्रश्न तर सुटतोच, शिवाय मूल तुमच्याकडे राहतं याचा सगळ्यात ठोस सरकारी पुरावा हाच ठरतो.

अर्ज द्यायचा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. बऱ्याच ठिकाणी योजना राबवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेमार्फतही तो घेतात. संस्थेला त्यासाठी शासन मुलामागे वेगळी रक्कम देतं, म्हणून संस्थेने किंवा मधल्या माणसाने तुमच्याकडून पैसे घेण्याचं काहीही कारण नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक देऊन टाका, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही शिक्क्याची प्रत सहा महिन्यांनी तुमची एकमेव ताकद असते.

पुढे गृहचौकशी होते. अधिकारी किंवा समाजसेवक घरी येऊन मूल खरंच इथे राहतं का, शाळेत जातं का, त्याला अंथरूण-पांघरूण, जेवण नीट आहे का हे पाहतात. घर पक्कं नाही म्हणून लाजू नका. गरिबी हे अर्ज नाकारण्याचं कारण नाही. मुलाला मात्र आधी समजावून सांगा, की आलेली माणसं तुला घेऊन जायला आलेली नाहीत. आई-वडील गमावलेल्या मुलाला अनोळखी माणसाच्या हातातल्या वहीची भीती वाटते, आणि भेदरलेलं मूल प्रश्नांना उत्तरं देत नाही.

त्यानंतर बाल कल्याण समितीपुढे मुलासह हजेरी. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिने महिन्यातून किमान २० दिवस बसणं कायद्याने अपेक्षित आहे. तरीही निघण्याआधी फोन करून बैठक आहे ना ते विचारा. तालुक्याहून मूल घेऊन येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. मूळ कागद सोबत न्या. समितीचा आदेश झाला की त्याची प्रत मागून घ्या आणि तिच्या पाच झेरॉक्स काढून ठेवा. शाळा, बँक, रुग्णालय, पुढचा प्रत्येक अर्ज, सगळीकडे ती लागते.

पैसे दर महिन्याच्या एका तारखेला येतील असं धरून घरखर्च बसवू नका. निधी आला की चार-पाच महिन्यांचे एकदम जमा होतात. एका वहीत महिना आणि जमा रक्कम लिहीत चला, म्हणजे कोणता महिना राहिला ते नेमकं सांगता येईल. दर वर्षी शाळा सुरू झाली की नवा बोनाफाईड कार्यालयात द्या, मागितला नाही तरी. पत्ता, शाळा किंवा बँक बदलली तर तसं लेखी कळवा.

परक्या मुलाचे प्रतिपालक व्हायचं असेल तर

केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दार बरंच उघडलं आहे. पूर्वी फक्त विवाहित जोडपी चालत. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित व्यक्तीही अर्ज करू शकतात. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दोन्ही, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा सांभाळता येतो. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर असावा लागतो. साधारण ६ वर्षांवरची, संस्थेत राहणारी आणि दत्तक जाण्याची शक्यता नसलेली मुलं यात दिली जातात.

ओळखपत्रं, उत्पन्न, आरोग्य तपासणी, पोलिसांची पडताळणी आणि गृह अभ्यास अहवाल या क्रमाने काम चालतं. मंजुरी प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मंजुरी समिती देते आणि मूल सोपवण्याचा आदेश बाल कल्याण समिती. त्यानंतर मुलासाठी दरमहा ४,००० रुपये. ही रक्कम मुलाच्या जेवणासाठी, शाळेसाठी, औषधासाठी आहे. तो तुमचा पगार नाही, आणि त्यावर घर चालेल या हिशेबाने कुणी यात पडू नये.

कायद्याप्रमाणे समिती दरमहा प्रतिपालक कुटुंबाची पाहणी करते. मुलाचे जन्मदाते पालक हयात असतील तर ते भेटायला येऊ शकतात. दोन वर्षं मूल तुमच्याकडे राहिल्यावर, ते कायद्याने दत्तक देण्यायोग्य असेल तर दत्तकासाठी अर्ज करता येतो. आधी ही अट पाच वर्षांची होती.

एक गैरसमज इथेच मिटवायला हवा. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. तुमच्या पश्चात मुलाला तुमची कुटुंब निवृत्तीवेतनाची रक्कम किंवा घर-जमीन आपोआप मिळत नाही. मुलाला काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्र करा. हे नात्यातलं मूल सांभाळणाऱ्या काका-मामांनाही तितकंच लागू आहे.

मृत पालकाच्या नोकरीतून मुलाला येणारे पैसे

ही वाट सर्वात जास्त विसरली जाते. वडील कारखान्यात, कंपनीत, साखर कारखान्यावर, सुरक्षारक्षक म्हणून, कुठेही असोत. त्यांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर सहसा कर्मचारी पेन्शन योजना १९९५ लागू असते. सेवेत असताना मृत्यू झाला आणि किमान एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते.

आई जिवंत असेल तर तिला विधवा पेन्शन, आणि दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के. आई नसेल तर मुलांना अनाथ पेन्शन, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, किमान ७५० रुपये दरमहा. एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत. थोरलं २५ चं झालं की तिसऱ्याचा नंबर लागतो. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला ती आयुष्यभर आहे.

आता आजी-आजोबांनी हे नीट वाचावं. मुलाच्या आईने दुसरं लग्न केलं आणि नातवंडं तुमच्याकडे राहिली, तर तिची विधवा पेन्शन बंद होते आणि मुलांचा दर अनाथ पेन्शनचा होतो. २५ टक्क्यांवरून ७५ टक्के. पण हे कुणी आपणहून करून देत नाही. लग्नाचा पुरावा जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयात अर्ज करावा लागतो. घरात सुनेबद्दल राग असला तरी तिची सही आणि कागद लागतील हे लक्षात ठेवून बोलणं सुरू ठेवा.

दावा करताना तीन गोष्टी मागायच्या: निधीची शिल्लक अर्ज २० ने, पेन्शन अर्ज १०-डी ने आणि विमा अर्ज ५-आयएफ ने. विमा म्हणजे ठेव संलग्न विमा योजना, जिच्यात सेवेत असताना मृत्यू झाल्यास जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत मिळतात. बहुतेक घरं पहिला अर्ज भरून परततात. वडिलांची जुनी पगारपावती शोधा. तिच्यावर यूएएन, म्हणजे निधी खात्याचा कायमचा क्रमांक असतो. मालक सही देत नसेल तर तेच कारण लिहून थेट निधी कार्यालयात अर्ज द्या.

पालक शासकीय नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तीवेतन त्यांच्या शेवटच्या कार्यालयातून सुरू होतं आणि अज्ञान, म्हणजे १८ खालच्या, मुलाच्या वतीने सांभाळणारा पालक ते घेतो. केंद्राच्या सेवेत मुलांसाठी वयाची मर्यादा २५ वर्षं आहे.

नोकरी नव्हतीच, तर मृताचं बँक पासबुक मागच्या दोन वर्षांचं भरून घ्या. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, २ लाखांचा. २० रुपये कापलेले दिसले आणि मृत्यू अपघाती असेल तर सुरक्षा विमा, तोही २ लाखांचा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला असेल तर तहसील कार्यालयातून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये.

सांभाळणाऱ्याची स्वतःची पेन्शन

ही तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत मिळते. वय ६५ च्या आत असलेल्या निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ आणि पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २,५०० झाली. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांना ५०,०००. महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं.

२१,००० ही मर्यादा फार जुनी आणि फार तोकडी आहे, आणि सर्वाधिक अर्ज तिथेच पडतात. पोरगा वेगळा राहत असूनही आजीच्या शिधापत्रिकेवर त्याचं नाव असेल तर त्याची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाते. तो खरोखर वेगळा असेल तर कार्ड आधी विभक्त करून घ्या, मग उत्पन्नाचा दाखला काढा, मग अर्ज. क्रम उलटा झाला की नकार येतो.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० घेणाऱ्या बाईंना निराधार योजनेचे १,५०० सोबत मिळत नाहीत. आणि लाडकी बहीण ६५ व्या वर्षी थांबते. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, श्रावणबाळची २१,०००, त्यामुळे आजी ६५ ची झाली की पैसे थांबून दुसरे सुरू न होण्याचा धोका असतो. ६४ व्या वर्षीच कागदांची तयारी करा. वयाचा पुरावा आधारवर चुकीचा असेल, आणि त्या पिढीत तो बऱ्याचदा अंदाजे लिहिलेला असतो, तर शाळेच्या दाखल्यावरून दुरुस्ती याच काळात करून घ्या.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. तो राहिला की पेन्शन गुपचूप थांबते. सांभाळणारे मामा-काका अजून चाळिशीच्या आत असतील आणि आयकर भरत नसतील तर बँकेत अटल पेन्शन योजना सुरू करून ठेवावी. ६० नंतर निवडल्याप्रमाणे दरमहा १,००० ते ५,००० मिळतात.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

तोंडी नकार घेऊ नका, कारण लेखी मागा. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाबद्दलच्या बाल कल्याण समितीच्या निर्णयावर ३० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अर्ज नुसताच पडून असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, शिक्क्याची प्रत जोडून तक्रार द्या. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त लिहा: अर्ज कधी दिला, गृहचौकशी कधी झाली, आदेश कधी झाला, शेवटचे पैसे कधी आले.

१८ व्या वर्षाच्या आधी

मूल १७ चं झालं की तीन गोष्टींकडे लक्ष द्या. मुलाचं बँक खातं अज्ञानाचं असतं. १८ पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून ते सज्ञानाचं केलं नाही तर व्यवहार थांबतात, आणि २५ पर्यंत चालणारी अनाथ पेन्शनही त्यात अडकते. बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना १८ नंतर अनुरक्षणाचा, म्हणजे आफ्टर केअरचा, आधार मिळतो, पण नात्यात वाढलेल्या मुलाला तो लागू नाही, त्यामुळे पुढच्या शिक्षणाचा खर्च त्यात मोजू नका. आणि दोन्ही पालक गेलेले असतील तर महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढून घ्या. शिक्षण आणि शासकीय नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे आणि नातेवाइकांकडे वाढलेली मुलंही त्यात संस्थाबाह्य गटात येतात. त्यासाठी दोन्ही पालकांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, शाळेची कागदपत्रं आणि बाल कल्याण समितीचा तो जपून ठेवलेला आदेश लागेल. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत अर्ज द्या.